लांब पडतं

फोन आला तेव्हा मी कढीला फोडणी देत होते.
पलीकडचा माणूस हिंदी बोलत होता, पण हिंदी त्याची नव्हती.
माझी तरी कुठे आहे.
"फॅक्टर आठ," तो म्हणाला, "मुलगा, गुडघा, मंगळवारपासून,
रक्त आतल्या आत. पुण्याचं दुकान ना हे?"
राँग नंबर, म्हटलं,
आणि ठेवला.

जिरं करपलं होतं.

पानं वाढून झाली आणि मीच परत लावला.
दैतारी खिलो. मुलगा बुद्रा, वय नऊ.
जुन्या खोक्यावरचा शेवटचा आकडा पुसलाय, म्हणाला,
तीन असेल नाहीतर आठ.
तीन लावून पाहिला, तो बंद आहे.
म्हणून तुम्ही.

म्हणून मी.
याहून मोठं कारण त्यानं दिलं नाही.
त्याच्याकडे ते नव्हतंच.

मोजणी खात्यात सत्तावीस वर्षं काढलीत मी.
कुणाचा बांध कुणाच्या रानात किती हात सरकलाय
हे कागदावर सुईच्या टोकानं दाखवू शकते.
पण लमतापुट मला शोधावं लागलं.
ओडिशा. कोरापुटच्याही पुढे.
भिंतीवरच्या नकाशात सहकारनगरपासून
एक वीत आणि वर दोन बोटं.

विद्याधर म्हणाला, फसवणूक असेल.
(असू दे, असं मला क्षणभर वाटलं. फार सुटल्यासारखं वाटलं.)
मग डॉक्टरची चिठ्ठी आली फोनवर,
तिरकी, अंगठ्याची सावली पडलेली.
तेव्हा म्हणाला, बरं, खरं आहे. उद्या दुसऱ्यानं लावला तर?
परवा तिसऱ्यानं?
कितीजणांना पुरी पडणारेस?
आणि खाली वॉचमनच्या मुलीची फी राहिलीय, ती नाही दिसत?

दिसते, म्हटलं.
चार महिने आपल्या दोघांनाही दिसतेय.
तुला ती आज आठवली, तीही लमतापुटमुळे.

बाकीच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

दोन कुप्यांचे पैसे झाले दिवाणखान्याच्या पडद्यांएवढे.
मोहरीच्या रंगाचं कापड, पसंत करून ठेवलेलं.
त्यागबिग काही नाही हं यात.
पडदे नसले की दुपारी ऊन येतं, सोफा विटतो,
एवढंच होतं.

सदाशिव पेठेतल्या घाऊकवाल्यानं बर्फाच्या पिशव्यांत खोकं बांधून दिलं.
दोन ते आठ अंश, म्हणाला, हयगय नको.
रात्रीच्या विमानाला घालायचं तर लोहगाव गाठायला हवं.

पहिला रिक्षावाला म्हणाला, लांब पडतं.
दुसऱ्यानं मान हलवली, तोंडात तंबाखू होता.
मी खोकं छातीशी धरून उभी,
बाळंतिणीला घरी न्यायला निघाल्यासारखी,
आणि मनात म्हणत होते, बाबांनो, तुमचं बरोबर आहे,
लांबच पडतं.
कालपर्यंत मीही हेच म्हणायचे, फक्त गोड शब्दांत.

तिसरा थांबला.
येतो, पण हाफ रिटर्न द्यावं लागेल.
का हो?
तिकडून रिकामं यावं लागतं ना मॅडम, भाडं मिळत नाही.
रिकामं येण्याचे पैसे.

येरवड्याचा पूल ओलांडेपर्यंत मी तेच घोळवत होते.
आजवर जे जे दिलं, देवळात, लग्नात, शेजारी,
त्याचं काही ना काही परत येताना बसवून आणलं होतं मी:
नाव, पावती, निदान "किती करता हो तुम्ही".

चौथ्या दिवशी फोन आला. आवाज तुटत होता.
"मिला" म्हणाला, की "नहीं मिला",
पुढचं वाऱ्यात गेलं.
मी उलटा लावला. लागला नाही.
रोज लावते, साधारण कढीच्या वेळी.

वॉचमनच्या मुलीची फी आम्ही भरली. अर्धी.
पडदे अजून व्हायचेत.

नंबर बदलून टाक, विद्याधर म्हणतो.
शेवटी आठ आहे त्यात.
राहू दे, म्हटलं.