अनुस्वार

बांबोळीच्या पठारावर, रक्तपेढीच्या मागच्या इमारतीत
दुसऱ्या मजल्यावर आम्ही पाचजण.
दारावरच्या पाटीतला ‘धि’ उन्हाने उडालाय,
उरलंय : अजनुकशास्त्र विभाग.
कुणी विचारलं तर सांगतो, रक्ताचं काम.

कुडचडकर मॅडम आल्या की आधी चपला बदलतात,
मग चष्मा, मग आवाज.
इर्शाद पडद्यावरचे तांबडे-निळे ठिपके मोजतो
आणि पुटपुटतो, हिशेब चुकलेल्या दुकानदारासारखा.
बेर्ता पेशी वाढवते. तिच्या डब्यात पोई आणि चोरीस,
उबवणीच्या कपाटात, सदतीस अंशांवर, एक बाई
जिला आम्ही एक्केचाळीस म्हणतो.
पुतू वेळीप नायट्रोजनची टाकी भरतो.
मी नळ्यांवर आकडे घालते.

नव्या मुलांना मॅडम तक्ता दाखवतात.
मला तक्ता कधी कळला नाही, बाबा कळले,
केरीच्या मराठी शाळेत
तांबड्या शाईने वह्या तपासणारे :
अक्षरं तीच ठेव, डोक्यावर एक टिंब दे आणि बघ,
वश होता, वंश झाला.
मद होता, मंद झाला.
टिंब वाईट नसतं गो. जागा चुकते.

पेशीतही तसंच. अक्षरं तीच, आईबापांकडून आलेली.
पण भलत्याच ठिकाणी
कुणीतरी मिथिलचं टिंब देऊन गेलं
आणि ‘पुरे, आता मोठी हो’ एवढं एक वाक्य
पेशीला वाचताच येईना.
मग ती मोठी होत नाही.
नुसती होत राहते.

एक्केचाळीस मार्चमध्ये आली.
जांभळ्या झाकणाची नळी, दोन मिली मज्जा,
स्त्री, त्रेपन्न.
गाव लिहायचं नसतं, तरी वॉर्डातल्या कुणीतरी
पट्टीवर घाईत खरडलं होतं : सागे.
मी आधी टिंब दिलं.
मग नियमाप्रमाणे सगळंच खोडलं.

औषधाचा नववा दिवस. बेर्ता सूक्ष्मदर्शकावरून
मान वर न करता म्हणाली, “व्हड जाली गे!”
पाळीपाळीने आम्ही डोळा लावला.
गोल, उर्मट केंद्रकं
चवळीच्या दाण्यासारखी वळली होती.
इर्शादच्या पडद्यावर तांबडं ओसरून निळं झालं.
मॅडमनी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं,
आणि चहा मागवला. एरवी त्या चहा पीत नाहीत.

पुतूने दारातून विचारलं,
“म्हणजे ती बाई बरी जाली?”

कपबशा वाजल्या.
तिची पुढची नळी श्रावणात यायची होती.
मी दर सोमवारी वॉर्डाच्या पेटीत हात घालून बघते.
आली नाही.
न आलेल्या नळीसाठी वहीत रकाना नाही,
मी तिथे पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढलीय, पुसता येईल अशी.

बेर्ताने फ्लास्क टाकून दिला नाही.
सहा बारक्या नळ्या केल्या, झाकणं पिळली,
एक रात्र उणे ऐंशीत ठेवल्या.
शुक्रवारी पुतूने टाकीचं झाकण उचललं,
पांढरं धुकं त्याच्या मनगटांवरून जमिनीवर सांडलं.
“ही खंयची?” त्याने विचारलं.
तो केप्याचा. शेजारच्याच तालुक्यातला.
ओळखीचीही निघाली असती.
“एक्केचाळीस,” मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. नळ्या खाली सोडताना
हातमोजा पाळण्याच्या दोरीवर असावा तसा हलका धरला त्याने.

सहा वाजता थांब्यावर आम्ही दोघं, रस्त्याच्या दोन बाजूंना.
मला पणजीकडे जायचं, तिथून केरी.
त्याची बस आधी आली, दक्षिणेची.
काचेमागे पुठ्ठा : मडगाव, केपे,
आणि खाली, रंगाऱ्याने जागा संपत आल्यावर कोंबलेलं,
सांगे.

टिंब होतं.
मी रस्ता ओलांडून दोनदा पाहिलं.