दाढेनं ऐकणं

मुनीर मिस्त्री सोमवारपर्यंत गॅरेज उघडणार नाही,
पुतणीचं लग्न आहे त्याच्या, तासगावला.
आणि गाडी ओरडते आहे.

"ओरडते म्हंजे कशी?" दादा विचारतात.
मी लेकीच्या जुन्या पाटीवर लिहिते: कुईं.
"कुईं का किर्र? नीट लिही."

एकतीस वर्षं सूतगिरणीच्या साच्यांनी
त्यांचे कान कातून नेले.
मशीन दिलंय डॉक्टरांनी, ते शिट्टी मारतं
म्हणून सुपारीच्या डबीत असतं.
पण अक्षरं त्यांना अजून खणखणीत वाजतात.
"किर्र असंल तर ब्रेक.
कुईं असंल तर पट्टा.
टक् टक् टक् असंल, ते पण वळतानाच,
तर पैशे मोजायला लाग."

रविवार, सकाळचे सात, नेमिनाथनगरचं मैदान.
क्रिकेटवाली पोरं अजून स्टंप ठोकतायत.
मी स्टिअरिंग पार डावीकडे दाबून गोल फिरते,
मग उजवीकडे गोल,
दादा मधोमध उभे, खळ्यातल्या तिवड्यासारखे.
प्रत्येक फेरीला हातानं विचारतात: आला?
मी काचेतून मान हलवते: न्हाई.
"काकू, लायसन काढताय काय?" पोरं ओरडतात.
हेही दादांना पाटीवर लिहून दाखवावं लागलं,
मग ते एकटेच घरापर्यंत हसत होते.

दारात गाडी. बॉनेट वर.
"आदी डिकी मोकळी कर.
निम्म्या गाड्यांचं दुखणं डिकीत असतंय."
जॅक. पाना. वाळून भुसा झालेली कोथिंबिरीची जुडी.
आणि वहिनीचा स्टीलचा डबा,
दिवाळीपासून ज्याच्यावरून ती माझ्याशी तुटक बोलते,
आत सात बेदाणे.
गाडी सुरू केली, तर खुळखुळ गेलेली.
ती होती, हे ती गेल्यावर कळलं.
कुईं आपली जागच्या जागी.

पट्ट्यावर कपभर पाणी सोडलं.
पट्टा असता तर क्षणभर गप्प झाला असता.
एसी लावला, काढला. हेडलाइट लावले
आणि आवाज जरा जड झाला,
पोटुशा बाईनं जिना चढावा तसा.
हे मी पाटीवर लिहिलं नाही,
नुसतं लिहिलं: लाइट लावला की वाढतो.

दादा बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "लांबडा स्क्रूड्रायव्हर आण."

बनियनवर, बासष्टच्या वर्षी घेतलेला पट्टा कमरेला,
फिरत्या पंख्यापासून वीतभर लांब वाकून
त्यांनी टोक ठेवलं डायनामोच्या पाठीवर
आणि लाकडी मूठ धरली दातांत.
खालची कवळी खिशात.
वर डावीकडच्या दोन दाढा अजून स्वतःच्या आहेत,
त्या दोन दाढांनी ते ऐकायला लागले.

टोक सरकलं. पंपावर. परत डायनामोवर.
डोळे मिटलेले.
मी ॲक्सिलेटरवर पाय ठेवून श्वास धरलेला,
जणू माझ्याच छातीवर काही टेकवलंय.

मूठ तोंडातून काढून, लाळ पुसून,
"बेरिंग," ते म्हणाले.
"आतनं खडबडीत झालंय. भाकरीत वाळू आल्यागत लागतंय."

इंजिन मी बंद केलं.
दादा स्क्रूड्रायव्हर द्यायला तयार नव्हते.
फ्रिजच्या पाठीला लावून बघितला.
टाकीच्या मोटारीला. दाराच्या कडीला.
शेजारच्या चौगुल्यांचा मिक्सर सुरू झाला, तेव्हा भिंतीला.
"चटणी करतायत," ते म्हणाले,
आणि दाढेतून तो घर्र आवाज
चावून चावून गिळत राहिले.

सोमवारी मुनीरनं विचारलं, काय त्रास?
मी म्हटलं, डायनामोचं बेरिंग.
"कुणी सांगितलं?"
मी नुसतं मागच्या सीटकडे बोट केलं.
तिथं दादा बसलेले, खिडकीच्या काचेला
जबडा टेकवून.