पुठ्ठा

होज घ्यायला येईल त्याला
बिलासोबत मी एक पुठ्ठा देते.
फळबाजारातल्या पेट्यांचा, वीतभर कापलेला,
कुठे अर्धा आंबा छापलेला,
कुठे 'देवगड'मधला नुसता 'देव' उरलेला.

तुर्भ्याच्या खदानीतले ड्रायव्हर हसतात.
ताई, याने काय वारा घालू?
घाल की, म्हणते मी,
पण गळती शोधशील तेव्हा
पाइपावरून हा फिरव. हात नको.
मग क्रिंपिंग मशीन खर्रकन दाबतं
आणि बोलणं तिथंच राहतं.

शेत गेलं, भूखंड आला,
भूखंड विकून बाबांनी पोकलेन घेतलं.
पिवळंधमक, बकेटीला झेंडूची माळ.
गावात सगळे त्यांना हसुराम शेठ म्हणू लागले.
बाबांचा हात मात्र शेतातलाच होता.
लोंबी नुसती चाचपून सांगायचा
दाण्यात दूध भरलं की पळींज आहे.

त्या दुपारी बूम हळूहळू खाली बसत होता.
मागे चार डंपर, एकाचा हॉर्न चालूच.
बाबा खाली उतरले,
इंजिन तसंच घुरघुरत ठेवून,
आणि पाइपावरून हात फिरवला,
लोंबीवरून फिरवायचे तसा.

सुईच्या नाकाहून बारीक भोक.
त्यातून येतं ते तेल दिसत नाही,
दिसली तर थोडी वाफ.
तर्जनीच्या पेरावर एक ठिपका उठला.
रक्त नाही, आग नाही.
"काय नाय गो, तार टोचली असंल."
त्याच हाताने ते जेवले.
तांदळाची भाकरी, सुकट.
बोटं चाटली सुद्धा.

रात्री दोनला हात पाटीएवढा.
नाक्यावरच्या डॉक्टरने
धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लाल गोळ्या दिल्या.
तिसऱ्या दिवशी वाशीला
एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने पहिल्यांदा विचारलं,
टोचलं ते काय होतं? तेल? दाब किती होता?
साडेतीनशे, बाबा म्हणाले,
परीक्षेत पाठ केलेलं सांगावं तसे.
ती खाली बसली.
म्हणाली, त्याच तासाला यायचं होतं हो.

तळहात उघडला तर तेल मनगटापर्यंत गेलेलं.
तर्जनी गेली, मधलं गेलं.
काढलेलं तेल मी वाटीत पाहिलं.
अडुसष्ट नंबर.
आज लिटरवर विकते, तेच.

इंजिन बंद झालं म्हणजे दाब गेला
असं नसतं.
बकेट जमिनीला टेकवावी लागते,
लिव्हर चारही बाजूंना हलवावे लागतात,
मग कुठे पाइप ढिला पडतो.
हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.
बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत
पेट्या कापत बसलेले असतात.
अकरा वर्षांत त्या दुपारबद्दल एक शब्द नाही.

परवा शिळफाट्याच्या साइटवरचा हेल्पर आला,
कोंडिबा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
काउंटरवर पुठ्ठा ठेवला.
'देव'च्या मधोमध ब्लेड ओढल्यासारखी चीर,
कडेला तेलाचा डाग.
"ताई, हे बघा."
पुढे त्याला बोलता येईना.

बाबा उठले.
पुठ्ठा ट्यूबलाइटसमोर धरला.
चिरेतून उजेडाची रेघ
त्यांच्या हातावर पडली,
बोटं नाहीत तिथे.
"इंजिन बंद केलं होतंस?"
पोरगा खाली बघू लागला.
"माझ्या मागे चार डंपर होते,"
बाबा म्हणाले,
"आणि त्यातला एक सारखा हॉर्न वाजवत होता."

मी बिल लिहायचं थांबले.

चहा आला, गार झाला.
निघताना कोंडिबा म्हणाला, एक नवा द्या ना.
बाबांनी पेटी पायाशी ओढली,
अंगठ्याने कात्री धरली
आणि या वेळी दोन विती मोजल्या.