खरवड

दुकान शहापुरात, भट्टी मागच्या बोळात.
कुंद्याचं दूध तपकिरी होईस्तोवर
उलथनं थांबवायचं नाही, हे बापानं शिकवलं.
घरी मात्र मी आता गूळसुद्धा माळ्यावर लपवतो.

पुण्याचा भाचा व्हिडिओ पाठवतो:
गाठ साखरेवर जगते, मामा,
साखर तोडा, उपाशी मरेल.
तूप द्या, अंडी द्या, खोबरेल चमच्यानं.
नंदगडचा एक गिऱ्हाईक कोहळ्याचा रस सांगतो,
दुसरा नुसती हळद.
शेजारची निंगव्वा काहीच सांगत नाही,
कारळ्याची चटणी ओट्यावर ठेवून जाते.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडं धरली.
"काढता आली तेवढी काढली.
हिची हद्द नेमकी कुठं संपते, सांगता येत नाही."
हद्दीचं आम्हाला नवीन नाही साहेब, म्हणालो.
ते हसले नाहीत. मीही नाही.
पथ्याचं विचारलं.
"पथ्यानं गाठ विरघळेल असं मी म्हणणार नाही.
अंगात ताकद राहू दे.
डाळ, अंडं, ताक. पोटात टिकेल ते."

लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं.
बैलहोंगलची नीलव्वा इथं हौसा झाली.
बत्तीस वर्षं मराठीत रांधलं तिनं,
मराठीत भांडली,
मराठीत माझ्या आईला शेवटचं पाणी पाजलं.
ऑपरेशननंतर ते शब्द गेले.
आता ताक म्हणजे मज्जिगी, भाकरी म्हणजे रोट्टी.
हौसा म्हटलं
की मागं वळून बघते, कुणाला हाक मारली म्हणून.
भाताला अन्न म्हणते.
तेवढा एक शब्द दोन्हीकडचा.
त्याच्यावर आम्ही दिवसातून दोनदा भेटतो.

स्टिरॉइडची भूक रात्री दोनला उठते.
मी कुळथाचं कढण तापवतो,
नाचणीची आंबील, वर जवसाची पूड,
आणि उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहितो:
अर्धी वाटी. ओकली.
दोन चमचे. ओकली.
अंडं, पांढरं तेवढंच. थुंकली.
पुढच्या पानांवर लोकांची बाकी,
ती मागायला सवडच नाही.

काल भट्टीवरून तसाच घरी आलो.
तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला.
"बेकू."
डब्यात कढईच्या तळाची खरवड होती,
माझ्यासाठी आणलेली, खोटं कशाला बोलू.
भाचा आठवला. डॉक्टर आठवले.
माळ्यावरचा गूळ आठवला.
नखाएवढी दिली.

किती वेळ चघळत होती, डोळे मिटून.
मी पुढचा तुकडा धरला तर तोंड फिरवलं.
"साकू."

नीलव्वा, म्हणालो,
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
तिनं ओ दिली.

वहीत लिहिलं:
खरवड, नखाएवढी.
टिकली.