माया

निळी पँट, आणि खाली आत दुमडलेली
दोन इंच माया.
शिवणकामात जास्तीच्या कापडाला हाच शब्द आहे.
पोरगं वाढलं की उसवायची, इस्त्री फिरवायची.
जुनी घडी जरा गडद दिसते. दिसू द्यावी.

पुण्याहून आलेल्या साहेबांना हे कसं सांगू?
ते लॅपटॉप उघडून बसले
साखर पेठेतल्या आमच्या पत्र्याखाली.
चहा गार झाला, कपात बारीक सूत पडलं.
"वीस टक्के द्या, शंभर मशिनी घ्या.
पाच वर्षांनी कुठं असाल?"
मी म्हणाले, इथंच. वीज असली तर.

पहिलं मशीन आईचं, विडीच्या मजुरीतनं घेतलेलं.
दुसरं, एका शाळेनं अर्धे पैसे आगाऊ दिले तेव्हा.
चौथ्याला अडीच वर्षं लागली:
मधल्या एका जूनमध्ये
सत्तर शर्टांच्या बाह्या उलट्या बसल्या,
त्या उसवता उसवता बालमणी आणि मी
रात्रभर तेलुगूत एकमेकींना शिव्या देत होतो.
सातवं अजून खोक्यातच आहे, नारळ गुरुवारी.

आकडे चांगले होते साहेबांचे.
खोटं कशाला बोलू,
ते गेल्यावर वहीच्या मागच्या पानावर
शंभर मशिनी मांडून पाहिल्या.
पान पुरेना.

मग कात्री घेतली.
शाळेचे क्लार्क म्हणतात, इंचभर पुरे,
कापड वाचेल, भाव उतरवा.
मी दोन ठेवते.