बोटभर जागा

शोरूममधल्या मुलानं नमुने उलगडले
पत्ते पिसावेत तसे:
ओक, मेपल, वॉलनट,
आणि हे, मॅडम, अकेशिया. व्हिएतनामचं.
चौरस फुटाला साडेतीनशे, जीएसटी वेगळा.

बाबालाल मिस्त्रीनं तुकडा हातात घेतला,
नखानं खरवडला, नाकाशी नेला.
जिन्यात आल्यावर म्हणाला,
"ताई, ही बाभळ हाय.
जतच्या रस्त्याला शेळ्या खात्यात हिचा पाला."

मग वखारभागात दोन सकाळी.
सागवान होतं; भाव ऐकून आम्ही नुसताच चहा प्यायलो.
ऐन होता, काळपट, हट्टी,
खिळ्याला दाद न देणारा.
शेवटी कोपऱ्यात, ताडपत्रीखाली,
तीन उन्हाळे वाळलेली बाभळ निघाली,
गाभा लाल, भाजलेल्या विटेसारखा.
"गाडीची चाकं हिचीच असायची," वखारवाला म्हणाला,
"आता जळणाला जाती."
हिचे काटे लहानपणी मी तळव्यातनं
सुईनं काढलेत, दिव्याशी पाय धरून.

अण्णांना सांगायचं राहिलं होतं.
भूपाल मगदूम, मिरज रोडला फरशी डेपो,
शहाबादी, कोटा, कडप्पा, चाळीस वर्षं.
निम्म्या सांगलीचे तळवे त्यांच्या उधारीवर थंड झालेत.
एकोणीसच्या पुरात डेपोत छातीभर पाणी.
ओसरल्यावर त्यांनी पाइप लावला, गाळ धुतला,
आणि तीच फरशी तिसऱ्या दिवशी विकली.
"दगडाचं काय जातंय?"

फोनवर एवढंच म्हणाले:
"लाकडाची? सांगलीत?"
"तिसरा मजला आहे, अण्णा."
"नदीला मजले मोजता येत नाहीत."
आणि ठेवला.

फळ्या आल्या. मला वाटलं, उद्याच ठोकाठोकी.
बाबालाल म्हणाला, नाही.
"आठ दिवस पडू द्या खोलीत.
तुमच्या घरची हवा कळू दे तिला."
म्हणून आठ दिवस सोफा भिंतीला उभा,
आणि आम्ही थप्पीला वळसा घालत,
परकी पाहुणी उतरल्यासारखे, जरा हळू बोलत.
मोहरीची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या,
नवऱ्याचं घोरणं, हप्त्यावरून झालेलं भांडण,
सगळं तिनं आडवं पडून ऐकलं.

नवव्या दिवशी खाचेत जीभ बसू लागली.
रबरी हातोडा, एक ठोका,
आणि ओठ मिटावेत तसा सांधा.
एका फळीत गाठ निघाली, डोळ्याएवढी.
"ही पलंगाखाली घालू?"
नको. दारात घाल, म्हटलं.
कोण येतंय ते बघू दे.

अण्णा आले. न कळवता, संध्याकाळी.
चप्पल जिन्यातच काढलेली.
आधी टाचेनं वाजवलं, कान देऊन.
मग थेट कोपऱ्यात गेले,
दुसऱ्यांच्या घरी आयुष्यभर जिथं चूक सापडली तिथं,
आणि भिंत नि फळीमध्ये बोट घातलं.
बोट गेलं.

"ही फट?"
"सोडलीया मुद्दाम," बाबालाल म्हणाला.
"पावसात फुगतंय, चैतात आकसतंय.
भिंतीला भिडवलं तर मधनंच उठतंय, मालक."

अण्णा बोट तसंच ठेवून बराच वेळ उकिडवे.
माझ्या लग्नाला ते आले नव्हते.
तेव्हाही पावसाळाच होता.
"मी सांधा दाबूनच बसवला," ते म्हणाले,
बाबालालला नाही, मलाही नाही.
"चाळीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी कडेची पट्टी बसली, फट दिसेनाशी झाली.
ती आहे, हे आम्हा तिघांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी मात्र ते चहा होईतो
सदरा काढून तिथंच आडवे झाले,
उघडी पाठ बाभळीला लावून.
कपावर साय धरली.
निघताना दारातल्या गाठीवर पाय न देता
ओलांडून गेले, आणि जिन्यातनं म्हणाले,
"फरशी बरी झालीय."

फरशी.
मी काही दुरुस्त केलं नाही.