इतर

हर्णैच्या बर्फ कारखान्यावर, माडीवर आमचं ऑफिस.
दोन टेबलं. पाय कायम गार.
खाली क्रशर लागला
की स्क्रीनवरचे आकडे थरथरायचे.

पहिलं खातं खालचंच, मकबूल खलफ्यांचं.
आमचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं.
ते म्हणाले, तुमच्याकडेच ठेवतो पैसे,
बुडवलेत तर निदान राहता कुठे ते ठाऊक आहे.

फॉर्मवर 'व्यवसायाचा प्रकार':
किराणा, कापड, औषधं, वाहतूक…
बर्फ नव्हता.
मी घाईत तळाशी एक ओळ जोडली,
इतर.

मग इतर भरत गेलं.
जाळी सांधणाऱ्या सुगंधा पावसे,
काथ्यावाले, आगळवाले,
होड्यांच्या फटी बुजवणारे दोघे भाऊ
(एकमेकांशी बोलत नाहीत, खातं जोडीचं),
गुहागरची एक बाई,
पालखीचे गोंडे करते,
सगळी उलाढाल शिमग्याआधीच्या वीस दिवसांत.

अकरा खाती. तीनशे चार.
पुढची मोजणी पुण्याच्या सर्व्हरवर गेली,
माणसंही गेली, खुर्च्या चांगल्या आहेत म्हणे तिथे.
मी इथेच.

काल बंगळूरचे गुंतवणूकदार कॉलवर होते.
आलेखातला सर्वांत जाड तुकडा दाखवून म्हणाले,
निम्मे ग्राहक 'इतर'?
ही यादी कधी नीट करणार?
आणि नेमके कोण आहेत हे?

मी माइक सुरू केला.
तेवढ्यात खाली क्रशर लागला.
त्यांना वाटलं, नेटवर्क गेलं.

खिडकीतून दिसलं,
खलफ्यांच्या खिशातला फोन
काहीतरी जमा झाल्याचं सांगतोय,
आणि त्यांचे दोन्ही हात
भुश्शात, कोपरापर्यंत.